मेडिकल कॉलेजचं तोंडही न पाहिलेला शाळामास्तर, ज्याच्या एका रिपोर्टनं अमेरिकेतली डॉक्टरकी बदलली

१९०९ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेस मॉइन्स नावाचं शहर आहे. तिथल्या एका ऑस्टिओपॅथी कॉलेजच्या डीनसाहेबांसोबत एक पाहुणा इमारत बघत फिरत होता. प्रत्येक दारावर झकास पाट्या लावलेल्या. एकावर शरीररचनाशास्त्र, दुसऱ्यावर शरीरक्रियाशास्त्र, तिसऱ्यावर विकृतिशास्त्र. फक्त एकच अडचण होती. सगळ्या दारांना कुलूप होतं, आणि किल्ल्या ज्याच्याकडे होत्या तो शिपाई नेमका त्याच दिवशी कुठं सापडत नव्हता.

पाहुण्यानं काही कुरकुर केली नाही. सगळं छान आहे असं दाखवत तो डीनसाहेबांबरोबर रेल्वे स्टेशनवर गेला. डीन निरोप घेऊन परत फिरले. ते दिसेनासे झाल्यावर पाहुणा पुन्हा कॉलेजात आला, शिपायाला शोधून काढलं आणि त्याच्या हातावर पाच डॉलर टेकवले. सगळी कुलपं उघडली.

आत काय होतं? प्रत्येक खोलीत एक टेबल, एक फळा आणि काही खुर्च्या. ना सूक्ष्मदर्शक, ना तक्ते, ना कसली उपकरणं. पाटी बदलली की विषय बदलायचा, खोली तीच.

इन्स्पेक्शनच्या दिवसापुरते डॉक्टर आणि पेशंट आणून बसवणाऱ्या कॉलेजांच्या बातम्या आपल्याकडंही येत असतात, त्यामुळं हा किस्सा आपल्याला फार नवा वाटणार नाही. पण या पाहुण्यानं नंतर जे केलं ते तोवर कुणी केलं नव्हतं. त्यानं एकेक कॉलेज असंच उघडून पाहिलं आणि जे दिसलं ते कॉलेजच्या नावानिशी छापून टाकलं.

पाहुण्याचं नाव अब्राहम फ्लेक्सनर. तो डॉक्टर नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता, प्राध्यापकही नव्हता. तो शाळामास्तर होता.

फ्लेक्सनर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८६६ चा, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरातला. आईवडील युरोपातून आलेले ज्यू. नऊ भावंडांत अब्राहमचा नंबर सहावा. वडील सुरुवातीला पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव फिरत माल विकायचे, पुढं त्यांनी टोप्यांचा व्यापार उभा केला. पण १८७३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली आणि त्यात तो धंदा बुडाला. थोरला भाऊ जेकब यानं औषधाचं दुकान काढलं आणि त्या दुकानावर घर चालू लागलं. अब्राहमपेक्षा थोडा मोठा सायमन याच दुकानात काम करायचा. हे सायमनचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जेकबनं स्वतःच्या कमाईतून धाकट्या अब्राहमला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पाठवलं. हे विद्यापीठ तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं होतं. जर्मनीच्या धर्तीवर काढलेलं, म्हणजे प्राध्यापकानं स्वतः संशोधन करायचं आणि विद्यार्थ्याला त्यात सामील करून घ्यायचं. पैसे थोडे होते म्हणून अब्राहमनं नेहमीचा डिग्रीचा अभ्यास दोन वर्षांत उरकला आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन तो घरी परतला. पण शिक्षण असंही असू शकतं हे तिथं त्याच्या मनात बसलं, ते कायमचं. पुढं कुठलंही कॉलेज पाहताना त्यांच्या हातात मापाची पट्टी हॉपकिन्सचीच असायची. ही त्यांची ताकद होती, आणि खरं सांगायचं तर मर्यादाही.

लुईव्हिलमध्ये ते हायस्कूलवर शिकवू लागले. तिथं एकदा त्यांनी अख्खा वर्गच्या वर्ग नापास केला. गावात गलका झाला, चौकशी झाली, पण मुलांना खरंच काही येत नव्हतं असं निघालं आणि निकाल कायम राहिला.

१८९० मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. या शाळेत परीक्षा नव्हत्या, प्रगतिपुस्तक नव्हतं, नियमांची यादी नव्हती. छोटे वर्ग, आणि ज्याला जिथं अडतंय तिथून शिकवायचं. मुलं बड्या घरची, बरीचशी दुसऱ्या शाळांनी हात टेकलेली. तीच मुलं पुढं हार्वर्डसारख्या ठिकाणी जाऊ लागली, आणि इतरांपेक्षा लवकर जाऊ लागली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नजरेत हे आलं. त्यांनी लुईव्हिलच्या या मास्तरला पत्र लिहून तुम्ही नक्की करता काय, अशी चौकशी केली.

शाळा चांगली चालली होती, पैसा मिळत होता. सगळं तसंच राहिलं असतं तर हे नाव लुईव्हिलबाहेर कुणाला कळलंही नसतं. पण १८९८ मध्ये त्यांचं लग्न झालं अॅन क्रॉफर्ड यांच्याशी. अॅन नाटककार होत्या. १९०४ मध्ये त्यांचं एक नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तुफान चाललं. त्या नाटकाच्या पैशानं घराला आधार झाला आणि १९०५ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, फ्लेक्सनर यांनी शाळा बंद करून पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. आधी हार्वर्ड, मग बर्लिन. बायकोच्या कमाईवर नवऱ्यानं शिकणं, तेही त्या काळात! पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल म्हणजे हे नाटक, पण हा भाग फार कमी सांगितला जातो.

१९०८ मध्ये त्यांचं अमेरिकन कॉलेजांवरचं पुस्तक आलं. पुस्तक छोटं होतं, पण त्यात हार्वर्डलाही सोडलं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं. कॉलेजात मोठमोठ्या हॉलमध्ये शेकडो पोरांपुढं व्याख्यानं होतात, कारण ते स्वस्त पडतं. एक प्राध्यापक, एक हॉल, फी मात्र सगळ्यांची. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं काम स्वतः अजून शिकत असलेल्यांच्या गळ्यात मारलं जातं, कारण नावाजलेल्या प्राध्यापकांना संशोधनातून वेळ नाही. आणि या सगळ्यातून मुलाला नक्की काय आलं, हे तपासायची कुणाची जबाबदारीच नाही.

आज १०० पेक्षा जास्त वर्षं झाली. यातलं कुठलं वाक्य जुनं झालंय ते तुमच्या कॉलेजचे दिवस आठवून तुम्हीच ठरवा.

पुस्तक फारसं खपलं नाही. पण ते एका माणसाच्या हातात पडलं. हेन्री प्रिचेट, कार्नेगी फाउंडेशनचे अध्यक्ष. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून शिक्षणक्षेत्रात काम करणारी ही संस्था. त्यांनी फ्लेक्सनर यांना बोलावून विचारलं की अमेरिका आणि कॅनडातल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांची पाहणी कराल का?

फ्लेक्सनर यांना वाटलं, माणूस चुकलाय. कारण तोवर औषधाच्या दुकानातला तो सायमन देशातला नामांकित पॅथॉलॉजिस्ट झाला होता, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचा प्रमुख होता. त्यांनी सांगून टाकलं की तुम्हाला माझा भाऊ हवा असेल, मी तर कधी मेडिकल कॉलेजात पाऊलही टाकलेलं नाही. पण प्रिचेट यांना डॉक्टर नकोच होता. डॉक्टर तर आपल्या कॉलेजची बाजू घेणार. हा प्रश्न औषधाचा नव्हता, शिकवण्याचा होता, म्हणून त्यांना शिकवणारा हवा होता.

आता तेव्हाची परिस्थिती काय होती ते बघू, त्याशिवाय या कामाचा आवाका कळणार नाही.

अमेरिकेत तेव्हा मेडिकल कॉलेज काढणं हा धंदा होता. चार-पाच डॉक्टर एकत्र यायचे, जागा भाड्यानं घ्यायचे, जाहिरात करायचे आणि आलेली फी वाटून घ्यायचे. प्रयोगशाळेला खर्च येतो, व्याख्यानाला येत नाही. त्यामुळं सगळा भर व्याख्यानावर. मुलगा दोन वर्षं डॉक्टरकीवरची भाषणं ऐकायचा, पाठ करायचा आणि डॉक्टर म्हणून बाहेर पडायचा. त्यानं पेशंटला कधी हात लावलेला असेलच असं नाही. १५५ कॉलेजांपैकी फक्त १६ ठिकाणी प्रवेशासाठी किमान दोन वर्षांचं कॉलेज शिक्षण लागायचं. बऱ्याच ठिकाणी हायस्कूलही पुरं झालेलं नसलं तरी चालायचं, फी भरली की झालं.

डॉक्टरांच्या संघटनेला, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनला, हे माहीत होतं. त्यांनी आधी स्वतःची पाहणीही केली होती. पण आपल्याच व्यवसायातल्या लोकांची नावं घेऊन बोलणं संघटनेला परवडणारं नव्हतं. ते काम बाहेरच्या माणसाकडून व्हायला हवं होतं.

फ्लेक्सनर यांनी आधी हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजात जाऊन चांगलं कॉलेज कसं असतं ते नीट पाहून घेतलं आणि १९०९ च्या जानेवारीत ते निघाले. रेल्वेनं, एका गावाहून दुसऱ्या गावी. संघटनेचे डॉक्टर कोलवेल काही ठिकाणी सोबत असायचे. सगळी १५५ कॉलेजं पालथी घालायला त्यांना दीड वर्षसुद्धा लागलं नाही. एवढ्या कमी वेळात काय कळणार, असं विरोधक तेव्हाही म्हणायचे. फ्लेक्सनर यांचं मत होतं की कुठं काय बघायचं हे माहीत असेल तर काही तास पुरतात.

ते पाच गोष्टी बघायचे. प्रवेशाचा नियम काय आहे आणि तो खरंच पाळला जातो का? शिकवणारे किती आणि ते स्वतः काय शिकलेत? कॉलेजकडं स्वतःचा पैसा किती आणि फी किती येते? प्रयोगशाळा कशा आहेत? आणि हॉस्पिटलशी कॉलेजचं नातं काय, म्हणजे विद्यार्थ्याला वॉर्डात जाऊन पेशंट बघता येतो का?

यातल्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सगळ्यात महत्त्वाचा होता. माहितीपत्रकात तर सगळेच कडक नियम छापायचे. फ्लेक्सनर थेट ऑफिसात जाऊन प्रवेश मिळालेल्या मुलांची कागदपत्रं काढायला लावायचे. नियम एक आणि फायलीतले दाखले भलतेच, असं कितीतरी ठिकाणी निघालं.

मग प्रश्न असा पडतो की या लोकांनी त्यांना आत येऊ तरी कसं दिलं? उत्तर सोपं आहे. कार्नेगी हे नाव. कॉलेजवाल्यांना वाटलं, साहेब पाहणी करून देणगी देणार. म्हणून त्यांनी दारं उघडली, अडचणी मोकळेपणानं सांगितल्या, हिशेबही दाखवले.

१९१० च्या उन्हाळ्यात रिपोर्ट छापून आला आणि देणगीची वाट बघणाऱ्यांचे डोळे पांढरे झाले. पहिल्या भागात वैद्यकीय शिक्षण कसं असावं याची चर्चा होती, आणि दुसऱ्या भागात राज्यवार एकेका कॉलेजचा पंचनामा. विद्यार्थी किती, फी किती, प्रयोगशाळेत काय आहे, काय नाही. कुठं घाण आहे, कुठं कुजका वास येतो, सगळं नावासकट. एकट्या शिकागोत १४ कॉलेजं होती आणि त्या शहराला तर त्यांनी देशातलं सगळ्यात वाईट ठिकाण ठरवलं. वर्तमानपत्रांनी हे उचलून धरलं. फ्लेक्सनर यांच्यावर बदनामीचा दावा झाला, जिवे मारायच्या धमक्या आल्या.

त्यांची शिफारस होती की १५५ वरून कॉलेजं ३१ वर आणा. डॉक्टर कमी झाले तरी चालतील, पण जे होतील ते नीट शिकलेले असूद्या. परीक्षाही नुसती लेखी नको, कारण लेखी परीक्षा घोकंपट्टीवर पास होता येते. उमेदवाराला सूक्ष्मदर्शकापुढं आणि पेशंटपुढं उभं करा, मग कळेल.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार होता. ही स्वस्तातली कॉलेजं बंद केली तर गरिबाच्या पोरानं डॉक्टर कसं व्हायचं? फ्लेक्सनर यांनी हा मुद्दा सरळ फेटाळला. गरिबाच्या पोराच्या नावाखाली गरीब पेशंटच्या गळ्यात अर्धवट डॉक्टर मारणं त्यांना मान्य नव्हतं. स्वतः टोप्यांच्या बुडालेल्या धंद्यातून वर आलेला माणूस हे म्हणत होता. पण त्याला शिकवायला एक जेकब होता. ज्याला जेकब नाही त्यानं काय करायचं, याचं उत्तर रिपोर्टात नाही.

१९२० पर्यंत कॉलेजं ८५ वर आली, १९३५ पर्यंत ६६ वर. आता याचं सगळं श्रेय एकट्या फ्लेक्सनर यांना देणं बरोबर नाही. परवान्याचे नियम कडक होत होते, प्रयोगशाळांचा खर्च झेपेना म्हणून काही कॉलेजं रिपोर्टच्या आधीच बंद पडायला लागली होती. पण रिपोर्टनं त्या घसरणीला धक्का दिला, आणि मुख्य म्हणजे कुणी जगायचं याचं माप ठरवून दिलं.

माप ठरवलं, पण पैसा? तो आला रॉकफेलर यांच्या जनरल एज्युकेशन बोर्डातून. फ्लेक्सनर तिथं गेले आणि पुढची सुमारे १५ वर्षं त्यांनी मेडिकल कॉलेजांना पैसा मिळवून देण्यात घालवली. कोडॅक कॅमेरावाले जॉर्ज ईस्टमन यांना गाठून त्यांनी रॉचेस्टरचं मेडिकल कॉलेज उभं करायला लावलं. मात्र पैशासोबत ते एक अट रेटायचे. मेडिसिन, सर्जरी शिकवणारे प्राध्यापकही पूर्णवेळ पगारी असावेत, खासगी प्रॅक्टिसच्या फीवर त्यांचा डोळा नसावा. १९१३ मध्ये हॉपकिन्सला याच कामासाठी १५ लाख डॉलर मिळाले. यावर मोठी माणसं चिडली. त्या काळातले सगळ्यात आदरणीय डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना भीती होती की अशानं पेशंटपासून तुटलेले, नुसते प्रयोगशाळेतले प्राध्यापक तयार होतील. आपल्याकडं मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांनी प्रायव्हेट प्रॅक्टिस करावी की नाही हा वाद अजून मिटलेला नाही, त्याचं मूळ इथपर्यंत जातं.

१९२८ मध्ये बोर्डातून ते बाहेर पडले. वय ६१. विश्रांती घ्यायची तर त्यांनी विद्यापीठांवर आणखी एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि कोलंबियासारखी नामांकित विद्यापीठं कसले कसले फुटकळ कोर्स चालवतात त्याची साल काढली.

तेवढ्यात एक भाऊ-बहीण त्यांच्याकडं आले. न्यूअर्कचे लुई बँबर्गर आणि कॅरोलिन फुल्ड. त्यांनी आपलं भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर १९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळायच्या काही आठवडे आधी विकलं होतं. त्यांना मेडिकल कॉलेज काढायचं होतं. ज्या माणसानं कॉलेजं बंद करायला लावली त्याच्याकडंच ते सल्ल्याला आले! फ्लेक्सनर यांनी त्यांचं मन वळवलं आणि १९३० मध्ये ५० लाख डॉलरच्या देणगीतून प्रिन्स्टनमध्ये उभी राहिली इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी. परीक्षा नाही, डिग्री नाही, ठरलेले वर्ग नाहीत. लुईव्हिलच्या त्या शाळेची आठवण येते ना?

इथं त्यांनी आणलेला पहिल्या फळीतला माणूस म्हणजे आल्बर्ट आइनस्टाइन. आइनस्टाइननी वर्षाला ३००० डॉलर मागितले, फ्लेक्सनर यांनी त्याच्या कित्येक पट दिले. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या कितीतरी विद्वानांना या संस्थेनं आसरा दिला. पुढं १९४९ मध्ये आपले गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबीही इथं काही काळ होते, आणि कानपूरचे हरीशचंद्र तर इथले कायमचे प्राध्यापक झाले.

पण दुसऱ्यांच्या संस्था अचूक तपासणाऱ्या फ्लेक्सनर यांना स्वतःची संस्था चालवताना मोकळा हात हवा होता. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं आइनस्टाइनना आलेलं निमंत्रण त्यांनी आइनस्टाइनना न विचारताच परस्पर नाकारलं. आइनस्टाइन भडकले. पुढं प्राध्यापकांना न विचारता नेमणुका होऊ लागल्यावर नाराजी वाढत गेली आणि १९३९ मध्ये फ्लेक्सनर यांना पायउतार व्हावं लागलं. २१ सप्टेंबर १९५९ रोजी व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथं, वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले.

मेल्यावर त्यांची कीर्ती वाढतच राहिली. पण १९१० च्या त्या रिपोर्टात एक भाग असा होता, ज्याकडं बरीच वर्षं फार कुणी बघितलं नाही.

अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी सात मेडिकल कॉलेजं होती. फ्लेक्सनर यांनी त्यातली दोनच ठेवण्यालायक मानली, वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. माप सगळ्यांना एकच लावलं, असं कुणी म्हणेल. पण गोऱ्या मुलाचं गावातलं कॉलेज बंद झालं तर तो दुसरीकडं जाऊ शकत होता. कृष्णवर्णीय मुलाला बहुतेक कॉलेजांची दारं बंदच होती. आणि रिपोर्टात कृष्णवर्णीय डॉक्टरचं काम काय, तर आपल्या लोकांना स्वच्छता शिकवणं, म्हणजे रोग गोऱ्यांपर्यंत पोचणार नाही, अशा अर्थाची मांडणी होती. १९२३ पर्यंत बाकीची पाचही कॉलेजं बंद झाली. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की ती चालू राहिली असती तर तोवर तिथून सुमारे ३५ हजार डॉक्टर बाहेर पडले असते.

बायकांचंही तसंच. १९१० मध्ये फक्त बायकांसाठीची तीन मेडिकल कॉलेजं उरली होती. बाल्टिमोरचं त्याच वर्षी संपलं, न्यूयॉर्कचं १९१८ मध्ये. टिकलं ते एकच, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. होय, तेच कॉलेज जिथून १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ज्या वर्षी अब्राहम फ्लेक्सनर हॉपकिन्समधून पदवीधर झाले, त्याच वर्षी.

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना वैद्यकीय शिक्षणातल्या कामासाठी दरवर्षी एक मानाचा पुरस्कार देते. त्या पुरस्काराला अनेक दशकं अब्राहम फ्लेक्सनर यांचं नाव होतं. २०२० मध्ये संघटनेनं पुरस्कार चालू ठेवला आणि त्यावरचं नाव काढून टाकलं.